घरी येणारी फिजिओथेरपी, सातारा: पार्किन्सन्समधल्या अंगदुखीसाठी घेतलेल्या सेवेचा अनुभव

माझं वय ६९. सातारा आगारात एसटीचा कंडक्टर होतो, आता निवृत्त आहे. पार्किन्सन्स (कंपवात) आहे, गोळ्या चालू आहेत. गेल्या पावसाळ्यापासून एक फिजिओथेरपिस्ट मॅडम आमच्या घरी येतात. हा अभिप्राय त्यांच्या कामाबद्दल आहे. शेकाचा पट्टा, तेल, टेन्सचं (कातडीवर पट्ट्या चिकटवून सौम्य वीज देणारं) मशीन अशा दुखण्यासाठी घेतलेल्या वस्तूंबद्दलही थोडं लिहितो, कारण मॅडम येईपर्यंत आमचा पैसा या वस्तूंवरच जात होता. मॅडम एकट्या काम करतात आणि नंबर जाहीर करू नका असं त्यांनी सांगितलंय, म्हणून नाव देत नाही. पण त्या काय करतात ते नीट कळलं, तर तुमच्या गावात तसं काम करणारं माणूस तुम्हाला ओळखता येईल.

पार्किन्सन्स म्हटलं की लोक हाताकडे बघतात. हात थरथरतोय का, एवढंच विचारतात. माझी थरथर कमी आहे. मला बेजार केलं ते दुखण्यानं. उजवा खांदा, मान, कंबर, पहाटे डाव्या पायाची बोटं आणि गुडघे. दुखणं दिसत नाही, त्यामुळे घरच्यांनाही ते किती आहे हे कळत नाही. या आजाराच्या बऱ्याच माणसांना अशी दुखणी असतात. डॉक्टरांसमोर बसल्यावर सगळा वेळ थरथर, चालणं आणि गोळ्या यांतच जातो, दुखण्याचा विषय राहून जातो.

माझ्या बाबतीत आजाराची सुरुवातच खांद्यापासून झाली. शर्टाची बाही चढवताना हात मागे जाईना, भांग पाडताना कोपर वर येईना. उभी नोकरी गाडीत एका हातानं दांडी धरून आणि दुसऱ्या हातानं पंच मारून झाली, तेव्हा खांदा झिजणारच, असं सगळे म्हणाले. हाडांच्या डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितलं. उपचार झाले, थोडा फरक पडला, पुन्हा आखडला. पुढं जावयाच्या लक्षात आलं की चालताना माझा उजवा हात हलतच नाही, अंगाला चिकटून राहतो. अक्षरही बारीक झालं होतं. पुण्याच्या मेंदूविकार तज्ज्ञांनी तपासून पार्किन्सन्सचं निदान केलं आणि सांगितलं की, खांदा आखडणं हे या आजारात पुष्कळदा थरथरीच्याही आधी येतं. घरात कुणाचा एकाच बाजूचा खांदा बरा होत नसेल आणि त्याच बाजूचा हात चालताना हलत नसेल, तर एकदा मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा. एवढ्यासाठी तरी हे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

निदानानंतर आम्ही एका फिजिओथेरपी केंद्रात जात होतो. तिथे गेल्यावर पलंगावर झोपवायचे, खांद्याला आयएफटीचं, म्हणजे दुखण्यावर सौम्य वीज देणारं मशीन लावायचे, पडदा ओढून निघून जायचे. मशीन वाजलं की कुणीतरी येऊन वायरी काढायचं. आजार कुठला, गोळी कधी घेतली, हे कुणी विचारलं नाही. मशीन लावलेलं असेपर्यंत बरं वाटायचं, घरी पोचेपर्यंत खांदा पुन्हा लाकडासारखा. हा वेळ माझ्या हातून गेला याचं वाईट वाटतं, कारण या आजारात आखडलेला सांधा जितका जुना होतो तितका तो मोकळा करायला अवघड जातो.

याला जोडूनच एक महत्त्वाची गोष्ट. ज्यांना डीबीएसचं यंत्र (मेंदूत तारा घालून सौम्य वीज देणारं) बसवलेलं आहे, त्यांनी फिजिओथेरपी केंद्रात पाय ठेवल्या ठेवल्या ते सांगायचं. अशा माणसाला डायथर्मीचा (मशीनच्या लहरींनी अंग आतून तापवणारा) शेक कधीही द्यायचा नसतो, शरीराच्या कुठल्याही भागाला नाही. त्यानं मेंदूतल्या तारेचं टोक तापून जिवावर बेतू शकतं. ते यंत्र छातीच्या कातडीखाली असतं, शर्ट घातला की दिसत नाही. त्यामुळे समोरच्यानं विचारलं नाही तरी आपणच सांगायचं.

आता मॅडमबद्दल. पहिल्या दिवशी त्या आल्या तेव्हा त्यांच्याकडे मशीन नव्हतं. खांद्याला एक पिशवी होती आणि तीत मोजपट्टी, एक रबरी पट्टा आणि कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी. बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "काका, घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडा." आमच्या सौभाग्यवतींनी डबा आणून रिकामा केला. मॅडमनी एकेक पाकीट वाचलं आणि विचारलं, "गोळी किती वाजता घेता? जेवता किती वाजता? आणि दुखतं किती वाजता?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सौभाग्यवतींना तोंडपाठ होती. तिसऱ्याचं उत्तर आम्हा दोघांकडेही नव्हतं. मी म्हणालो, दिवसभर दुखतं. त्या म्हणाल्या, "दिवसभर दुखत असेल, पण सारखंच दुखत नसणार. मी पुन्हा येईपर्यंत लिहून ठेवा."

मग मी एक वही घेतली आणि वेबिलावर टप्प्याटप्प्याला तिकिटांचे नंबर टाकायचो तशी ती आखली. डावीकडे वेळ, मग गोळी, मग खाणं, मग कुठं दुखतं आणि शेवटी शून्य ते दहापैकी किती. हात चालेल तेव्हा मी लिहायचो, नाहीतर सौभाग्यवती. पुढच्या खेपेला मॅडमनी ती वही मांडीवर घेऊन बराच वेळ वाचली. माझ्या अंगाला हात लावायच्या आधी त्यांनी वही वाचली. कुणीतरी माझं दुखणं मनावर घेतलंय असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

वहीतून निघालं ते असं, की माझं दुखणं एक नाही. तीन आहेत, आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिलं खांद्याचं आणि मानेचं. माझ्या गोळ्या सकाळी सात, अकरा, दुपारी तीन आणि संध्याकाळी सात अशा होत्या. वहीत दिसत होतं की दहा-साडेदहाला खांदा चढायला लागतो, अकराची गोळी घेतल्यावर पाऊण तासानं उतरतो, पुन्हा अडीचच्या सुमाराला चढतो. मॅडमनी समजावलं ते मला पटलं. या आजारात मेंदूत हालचालीसाठी लागणारं डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं, त्यामुळे स्नायू कधी पुरते सैल सुटतच नाहीत, आपण बसलेलो असतानाही ते अर्धवट ताठलेले असतात. लेव्होडोपाची गोळी, म्हणजे ही कमी भरून काढणारी माझी पार्किन्सन्सची गोळी, लागू पडली की सैल होतात, गोळीचा असर ओसरला की पुन्हा ताठतात. दिवसभर ताठलेला स्नायू दुखणार, आणि जो खांदा चालताना हलतच नाही तो आखडणार. म्हणजे हे दुखणं गोळीच्या वेळेशी बांधलेलं होतं आणि आम्ही त्याला मलमं लावत होतो.

ती वही आम्ही पुण्याला डॉक्टरांकडे नेली. त्यांनीही ती वाचली आणि गोळ्यांच्या वेळा नव्यानं लावून दिल्या. काय बदललं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रत्येकाचा डोस वेगळा असतो आणि माझं बघून कुणी आपल्या गोळ्या पुढं-मागं करू नयेत. जेवणाचं मात्र सगळ्यांच्या कामाचं आहे. लेव्होडोपा आणि आहारातली प्रथिनं आतड्यातून रक्तात जायला एकाच वाटेनं जातात आणि एकमेकांना अडवतात. मी अकराची गोळी दुधासोबत घ्यायचो, दुपारी मटकीची उसळ किंवा अंडं असलं की त्यानंतरची गोळी उशिरा लागायची. आता गोळी जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्यासोबत. डाळ, उसळ, अंडं बंद केलेलं नाही. प्रथिनं सोडली तर अंगातलं मांस जातं, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. फक्त वेळ सांभाळायची.

दुसरं दुखणं पहाटेचं. साडेचार-पाचच्या सुमाराला डाव्या पायाची बोटं आत वळायची, तळव्याची कमान आवळली जायची, घोटा आतल्या बाजूला फिरायचा. ओरडू नये म्हणून मी उशी दातात धरायचो. सौभाग्यवती उठून बाम चोळायच्या. ते बघून मॅडमनी सरळ सांगितलं, "काका, हे माझ्या हातातलं नाही. याला डिस्टोनिया म्हणतात. रात्रभर पोटात गोळी नसते म्हणून पहाटे होतं. डॉक्टरांना हेच शब्द सांगा." आपल्या कामाची हद्द सांगणारं माणूस मला फार मोलाचं वाटतं. त्या पैसे घेऊन पाय चोळत राहिल्या असत्या तरी आम्हाला कळलं नसतं. डॉक्टरांनी रात्रीसाठी सावकाश विरघळणारी गोळी दिली. आता पहाटेची ओढ रोज येत नाही, आली तरी पूर्वीइतकी कडक नसते. गोळीनं भागत नाही अशा काही रुग्णांच्या पायाला स्नायू सैल करणारं बोट्युलिनमचं इंजेक्शन देतात, असंही डॉक्टर म्हणाले. ओढ आली की काय करायचं ते मात्र मॅडमनी शिकवलं. पलंगाच्या कडेला बसायचं, तळवा पूर्ण जमिनीला टेकवायचा, गुडघ्यावर हातानं दाब द्यायचा आणि थांबायचं. झटकन उभं राहायचं नाही, कारण या आजारात आणि या गोळ्यांनी उठल्याबरोबर रक्तदाब खाली जातो आणि माणूस पडतो.

तिसरं गुडघ्याचं. त्याचा गोळीशी काहीच संबंध नव्हता. जिना चढला की दुखायचा, गोळी लागलेली असो वा नसो. एक्स-रेत गादी झिजलेली दिसली. हे वयाचं दुखणं, माझ्या वयाच्या कुणालाही असतं तसं. त्याला मांडीचा पुढचा स्नायू मजबूत करायचा व्यायाम. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबायची, दहा अंक मोजायचे, सोडायचं. शिवाय हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं. माझी खुर्ची बुटकी होती. तिच्या पायांखाली सुताराकडून लाकडी ठोकळे बसवून घेतले, तेवढ्यानंही फरक पडला.

खांद्यासाठी मॅडमचे व्यायाम साधे आहेत, पण त्यांची वेळ त्या काटेकोर पाळतात. गोळी घेतल्यावर पाऊण-एक तासानं अंग मोकळं होतं, त्याला आम्ही रुग्ण ‘ऑन’ म्हणतो. त्याच वेळी त्या येतात. ताठलेल्या अंगावर जोर करत नाहीत. आधी पंधरा मिनिटं शेक, मग कंबरेत वाकून हात सैल लोंबकळत सोडून गोल फिरवणं, मग काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हातानं दुखऱ्या हाताला वर नेणं. दाराला कप्पी टांगलीय, दोरीच्या एका टोकाला एक हात, दुसऱ्याला दुसरा. ही कप्पी दीड-दोनशे रुपयांत येते, आणि आम्ही घेतलेल्या सगळ्या वस्तूंत हिच्याइतका उपयोग कशाचाच झालेला नाही. दाराच्या चौकटीत दोन्ही हात टेकवून छाती पुढं नेण्याचा व्यायामही रोज असतो. पार्किन्सन्समध्ये माणूस पुढं वाकत जातो, छाती आत जाते, हनुवटी पुढं येते, आणि सगळा भार मानेवर आणि कंबरेवर पडतो. त्यासाठी रोज दहा मिनिटं पालथं झोपायला लावतात. सुरुवातीला पोटाखाली उशी होती, आता लागत नाही. उताणं झोपून गुडघे वाकवून दोन्ही बाजूंना लोळवायचे, हा व्यायाम मला सगळ्यात आवडतो. कंबरेतली गाठ सुटल्यासारखी वाटते.

हालचाल मोठी करा, हा त्यांचा धोशा असतो. या आजारात पावलं, हात, आवाज, अक्षर सगळं लहान होत जातं आणि आपल्याला मात्र ते नेहमीएवढंच वाटतं. म्हणून मुद्दाम मोठं करायचं. हात उचलायचा तर छताला लावायचा आहे असा उचलायचा. पाऊल टाच आधी टेकवून लांब टाकायचं. स्वयंपाकघराच्या दारात माझे पाय जमिनीला खिळायचे. तिथे मॅडमनी फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या. रेघ ओलांडायची म्हटलं की पाऊल सुटतं. आवाजानंही सुटतं. कुठला तरी ठेका मनात धरा म्हणाल्या. मी म्हणालो, आमच्याकडे एक घंटी थांबायची आणि दोन निघायच्या. आता पाय खिळला की मी मोठ्यानं ‘डबल’ म्हणतो आणि चालायला लागतो. मॅडमही आता चालवताना ‘डबल’ म्हणतात.

एक गोष्ट त्यांनी न मागता केली. मला रात्री कुशीवर वळवून वळवून सौभाग्यवतींची कंबर धरली होती. ते त्या कुणाला सांगत नव्हत्या. मॅडमनी त्यांना उठताना चेहऱ्यावरून ओळखलं. मग एक पूर्ण भेट त्यांच्यासाठीच ठेवली. हाताला धरून ओढायचं नाही, माझा गुडघा आधी वाकवायचा, एक हात खांद्यामागे, एक कुल्ल्यामागे, आणि आपला भार मागे नेत वळवायचं. पलंगावर कमरेच्या भागात सॅटिनची चादर आडवी घालायला सांगितली, म्हणजे सुती चादरीसारखं अंग अडकत नाही. आता बहुतेक रात्री मी स्वतःच वळतो. पायाकडच्या बाजूला सॅटिन नको, नाहीतर उठताना टाच सरकते.

आता वस्तू. विजेचा शेकाचा पट्टा हजाराच्या आत मिळाला, रोज लागतो. रबरी पिशवीत उकळतं पाणी ओतणं थरथरत्या हाताला धोक्याचं आहे, तेव्हा पट्टाच घ्या. घेताना तीन गोष्टी बघा. ठरावीक वेळानं आपोआप बंद होतो का, आवरण काढून धुता येतं का, आणि बटण मोठं आहे का. आमच्या पट्ट्याचं सरकतं बटण इतकं बारीक आणि घट्ट आहे की ते मला एकट्याला लावता येत नाही. पट्टा लावून झोपायचं नाही, आणि बाम किंवा दुखण्याचं जेल लावलेल्या जागी शेक द्यायचा नाही, कातडी भाजते. ज्यांना मधुमेहानं पायाची जाणीव कमी झालीय त्यांनी पायाला शेक देताना घरच्या कुणाला तरी हातानं तापमान बघायला सांगावं.

महानारायण तेल, निर्गुडीचं तेल आम्ही दोन्ही वापरलं. चोळताना बरं वाटतं, थंडीत जास्तच. चोळणाऱ्या हाताचा गुण त्यात मोठा आहे असं माझं मत आहे. तळव्याला तेल लावून फरशीवर चालू नका, एवढं पाळा.

टेन्सचं मशीन मुलीनं मागवलं होतं. कंबरेला थोडा आराम पडतो, तो मशीन चालू असेपर्यंत आणि नंतर थोडा वेळ. ताठरपणाला काही उपयोग झाला नाही. चिकटवायच्या पट्ट्या लवकर खराब होतात आणि नव्या महाग पडतात. पेसमेकर किंवा डीबीएस असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. मी तरी पुन्हा घेणार नाही.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांनी मला जे लिहून दिलंय त्यातलं दोन गोष्टींपुरतं सांगतो, कारण औषधाच्या दुकानात हे कुणी विचारत नाही. ज्यांना पार्किन्सन्सवरचं रसाजिलीन किंवा सेलेजिलीन चालू आहे त्यांना ट्रमाडॉल असलेली वेदनाशामक गोळी धोक्याची असते. आणि वेदनाशामकानं मळमळलं म्हणून मेटोक्लोप्रामाइड, किंवा चक्कर येते म्हणून प्रोक्लोरपेराझिन घेतलं, तर ती औषधं मेंदूतलं डोपामिनचं कामच अडवतात, ताठरपणा वाढतो आणि त्याबरोबर दुखणंही. मी ही नावं देवनागरीत एका कागदावर लिहून पाकिटात ठेवली आहेत. दाताच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हाही तो कागद दाखवला.

मॅडमच्या सेवेतल्या उणिवाही सांगायला हव्यात. वेळ पाळणं त्यांना जमतंच असं नाही. त्यांच्या उशिरानं माझा ‘ऑन’चा वेळ सरून जातो आणि मग व्यायाम निम्म्यावर येतो. हे त्यांना मी सांगितलं, तेव्हापासून उशीर होणार असेल तर फोन करतात. जोराच्या पावसात त्या येऊ शकत नाहीत, आणि साताऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये अंग सगळ्यात जास्त धरतं. व्यायामांचे छापील कागद दिले ते सगळे इंग्रजीत आणि बारीक अक्षरात होते. सौभाग्यवतींना काही कळेना. आम्ही बोललो तेव्हा त्यांनी सगळे व्यायाम मराठीत बोलून फोनवर ध्वनिमुद्रित करून दिले. ते इतकं कामाचं झालंय की ते पहिल्या दिवशीच द्यायला हवं होतं. एका भेटीचे पाचशे रुपये घेतात, भेट पाऊण तासाची. एसटीच्या निवृत्त माणसाला हे सोपं नाही, निवृत्तिवेतन किती येतं ते आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पहिले काही आठवडे तीनदा यायच्या, आता एकदाच येतात, बाकीचे दिवस आम्ही फोनवरचा आवाज लावून करतो. एकदाच येण्याचं त्यांनीच सुचवलं.

ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी रुग्णांच्या गटांकडे बघावं. मुंबईत २००१ मध्ये सुरू झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्णांसाठी मदत गट चालवते, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. माझ्यासारखी दुखणारी माणसं तिथे भेटतात, हेही थोडं नाही.

फरक किती पडला? खांद्याचं दुखणं वहीत पूर्वी सात-आठ लिहिलं जायचं, आता बहुतेक दिवशी तीन-चार. शर्ट माझा मी घालतो. भांग पाडता येतो. वरच्या फळीवरचा डबा अजून काढता येत नाही. थंडीत सकाळी मान धरतेच. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आजार मागे जाणार नाही, सांधे आखडू द्यायचे नाहीत एवढंच आपलं काम. जो कुणी पार्किन्सन्स बरा करतो म्हणून सांगेल त्याच्याकडे जाऊ नका. खाजकुहिलीच्या बियांच्या पुड्याही लोक आणून देतात. त्यात नैसर्गिक लेव्होडोपा असतो हे खरं आहे, आणि म्हणूनच आपल्या गोळीवर ती पूड परस्पर घेणं घातक आहे.

तुमच्या गावात फिजिओथेरपिस्ट शोधताना फोनवर आधी एवढं विचारा: पार्किन्सन्सचे रुग्ण आधी बघितले आहेत का, गोळीची वेळ बघून येणार का, आणि घरच्या माणसाला व्यायाम शिकवणार का. शेवटच्याला नाही म्हटलं तर दुसरं माणूस बघा. साताऱ्यातल्यांना हवं असेल तर आगाराजवळच्या आमच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या कट्ट्यावर मी संध्याकाळी सहाला असतो. मॅडमना विचारून मग नंबर देतो. येताना रुग्णाच्या गोळ्यांच्या वेळा लिहून आणा, त्या पहिल्यांदा तेच विचारतात.